उलगडा की उचलबांगडी?

शंकेखोर : तत्त्वज्ञ डॅनिएल डेनेट एप्रिल 2024मध्ये गेला, तेव्हा बहुतेक मृत्युलेखांनी त्याला 'नवनास्तिकांच्या चौकडी'त बसवून टाकलं. डॉकिन्स, हिचेन्स, हॅरिस आणि हा. माझं भांडण त्याच्या नास्तिकपणाशी नाहीच. देव नाही म्हणणारे आपल्याकडे काय कमी झाले? माझी तक्रार वेगळी आहे. हा माणूस ज्या गोष्टीला हात लावतो, ती समजावता समजावता नाहीशी करतो. 1991 साली त्यानं जाणिवेवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि नाव ठेवलं 'कॉन्शसनेस एक्सप्लेन्ड'. मी ते शेवटच्या पानापर्यंत वाचलं. उलगडा सापडला नाही. सापडलं ते एवढंच, की मी जिला जाणीव समजत होतो ती मुळात नव्हतीच. हरवलेली वस्तू शोधायला बोलावलेल्या माणसानं 'ती तुमच्या घरात कधी नव्हतीच' असं सांगून वर फी घ्यावी, तसा प्रकार.

चाहता : फी घेतली खरी, पण आधी घर धुंडाळून दाखवलं की नाही? अहो, जाणीव नाही असं तो म्हणतच नाही. ती तुम्हाला वाटते तशी नाही, एवढंच म्हणतो. या दोन विधानांतला फरक दाखवायला तो ली सीगलचा किस्सा सांगायचा. सीगल हे भारतीय धर्मांचे अभ्यासक. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या जादूगारांवर त्यांनी 'नेट ऑफ मॅजिक' हे पुस्तक लिहिलं. जादूवर पुस्तक लिहितोय म्हटल्यावर लोक विचारायचे, खऱ्या जादूवर का? ते सांगायचे, छे, हातचलाखीवर. आता गंमत बघा. जी जादू जगात खरोखर केली जाते, तिला लोक खरी मानत नाहीत. आणि लोक जिला खरी जादू म्हणतात, ती कुठेच होत नाही. डेनेटचं म्हणणं, जाणिवेचंही असंच झालंय. मेंदू काय काय करतो ते त्यानं दाखवलं, की तुम्ही म्हणता, ही झाली हातचलाखी, खरी जाणीव कुठाय?

शंकेखोर : बरं, दाखवा हातचलाखी.

चाहता : देकार्तचा आत्मा आज फारसं कुणी मानत नाही. पण आत्मा काढून टाकलेल्या माणसांच्याही डोक्यात एक नाट्यगृह शिल्लक असतं. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं सगळं मेंदूत कुठेतरी एका रंगमंचावर येतं आणि समोर बसलेला 'मी' ते बघतो, अशी ही समजूत. डेनेटनं तिला देकार्तचं नाट्यगृह म्हटलं. आता त्या प्रेक्षकाच्या डोक्यात कोण बघतो? तिथेही नाट्यगृह? याला शेवट नाही. शिवाय प्रयोगही वेगळंच सांगतात. 1976 साली कोलर्स आणि फॉन ग्रुनाऊ यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एका जागी एका रंगाचा ठिपका क्षणभर चमकतो, लगेच थोड्या अंतरावर दुसऱ्या रंगाचा. बघणाऱ्याला एकच ठिपका सरकताना दिसतो, आणि तो निम्म्या वाटेवर रंग बदलतो. पण दुसरा ठिपका अजून लागलेलाच नाही! मग मेंदूला त्याचा रंग आधी कसा कळला? कळला नाही. कहाणी मागाहून जुळवली गेली, आणि त्या कहाणीत रंग मध्येच बदलला असं लिहिलं गेलं. कुठलाही एक क्षण असा नाही, की तेव्हा पडदा उघडला आणि दृश्य 'जाणिवेत आलं'. एकाच वेळी अनेक कच्चे मसुदे चालू असतात. ज्याचा पुढे परिणाम उरतो, त्याला आपण मागाहून अनुभव म्हणतो.

शंकेखोर : प्रयोग सुरेख आहे, आणि नाट्यगृह पाडलं हेही चांगलं झालं. पण माझा प्रश्न नाट्यगृहाचा नव्हता. आपल्याकडे अद्वैतवाले ज्याला साक्षी म्हणतात, तो काही मेंदूत खुर्ची टाकून बसलेला प्रेक्षक नव्हे. त्याला जागाच नाही. जे जे दिसतं ते दृश्य, आणि साक्षी कधीच दृश्य होत नाही. डेनेटचा घाव त्याला लागतच नाही. पाश्चात्त्यांतही थॉमस नेगलनं 1974मध्ये हेच विचारलं होतं : वटवाघळाच्या मेंदूची सगळी यंत्रणा कळली, तरी वटवाघूळ असणं आतून कसं असतं ते कळेल का? पुढे डेव्हिड चाल्मर्सनं याला 'अवघड प्रश्न' असं नाव दिलं. तुमचा ठिपक्यांचा प्रयोग मला रंग कधी दिसला ते सांगतो. रंग दिसणं म्हणजे काय, त्याबद्दल मौन.

चाहता : ज्याला कुठलाच घाव लागू शकत नाही त्याच्याबद्दल मला आधी संशय येतो. बौद्ध भिक्खू नागसेनानं मिलिंद राजाला रथाचं उदाहरण दिलं होतं : चाक रथ नव्हे, आस रथ नव्हे, दांडी रथ नव्हे, मग रथ कुठाय? 'मी'चंही तसंच. डेनेटचा रस्ता त्याच गावाचा आहे. पण तुम्हाला अनुभवाची आतली चव हवी ना, तत्त्वज्ञ जिला 'क्वालिया' म्हणतात ती? मग 1988च्या निबंधातली त्याची गोष्ट ऐका. एका कॉफी कंपनीत चेस आणि सॅनबॉर्न नावाचे दोन चव घेणारे आहेत. कॉफीची चव वर्षानुवर्षं तीच राहील हे बघणं, हे त्यांचं काम. सहा वर्षांनी दोघांनाही ती कॉफी आवडेनाशी होते. चेस म्हणतो, चव तीच आहे, माझी आवड बदलली. सॅनबॉर्न म्हणतो, आवड तीच आहे, माझ्या जिभेला ती चवच आता वेगळी लागते. आता सांगा, चेसला तरी कसं कळणार की आपलं प्रकरण सॅनबॉर्नसारखं नाही? आतली चव जर इतकी जवळची, इतकी निःसंशय माझी असेल, तर ती बदलली की नाही हे मालकालाच का सांगता येऊ नये? आणि मेंदूतले बदल बाहेरून तपासणारा कदाचित त्याच्यापेक्षा चांगलं सांगेल. मग खासगी, थेट, अचूक अशी ती चव राहिली कुठे?

शंकेखोर : कालच्या दुखण्याची आठवण चुकली म्हणून आत्ताचं दुखणं खोटं ठरत नाही. तुमचा चेस सहा वर्षांपूर्वीच्या चवीबद्दल चुकेल. तोंडात असलेल्या घोटाबद्दल कसा चुकेल?

चाहता : 'आत्ता' म्हणजे केवढा काळ, तेवढं सांगा. ठिपक्यांच्या प्रयोगात तर पापणी लवायच्या आत कहाणी बदलली होती.

(लिहिणाऱ्याला इथे एक शेरा मारल्यावाचून राहवत नाही : कॉफीचं हे उदाहरण दोन्ही बाजूंनी साक्ष देतं, म्हणून तीन दशकांहून जास्त काळ लोटूनही त्याचा निकाल लागत नाही. दोघांना इथेच भांडू दिलं असतं तर रात्र सरली असती. पण चाहत्याला डार्विनकडे जायची घाई आहे, आणि ती योग्यच आहे.)

चाहता : खरं तर मन आधी आणि डार्विन मागाहून, हा क्रमच उलटा आहे. 1868मध्ये रॉबर्ट बेव्हर्ली नावाच्या टीकाकारानं डार्विनवर चिडून लिहिलं, की या माणसाच्या मते उत्तम यंत्र बनवायला ते कसं बनवायचं हे कळण्याची गरजच नाही. त्याला ही शुद्ध बुद्धिभ्रंशाची गोष्ट वाटली. डेनेट म्हणतो, टीकाकारानं डार्विनचा सारांश अगदी अचूक लिहिला! समज आधी आणि कौशल्य तिच्या मागून, असं आपण हजारो वर्षं धरून चाललो. डार्विननं ते उलटं केलं, 1936मध्ये ट्युरिंगनं गणिताच्या बाबतीत तेच केलं. बेरीज म्हणजे काय हे ज्याला मुळीच कळत नाही असं यंत्र बेरीज अचूक करतं. न कळता जमणं, हा जगाचा मूळ नियम. कळणं हे फार उशिरा, तुकड्यातुकड्यानं आलेलं. 2017च्या पुस्तकात त्यानं वाळवीचं वारूळ आणि बार्सिलोनातलं गाउदीचं सग्रादा फमिलिया चर्च शेजारीशेजारी ठेवलंय. आकार इतका सारखा की थक्क व्हावं. वारुळाला वास्तुशिल्पी नाही, मुकादम नाही, नकाशा नाही. गाउदीच्या डोक्यात नकाशा होता. पण गाउदीचं डोकं तरी कशाचं? अब्जावधी पेशींचं, आणि त्यातल्या एकीलाही मंदिर म्हणजे काय ते ठाऊक नाही. वाळवीसारख्या पेशींतून गाउदीसारखं मन कसं उभं राहतं, एवढा एकच प्रश्न तो पन्नास वर्षं विचारत होता. त्याचं उत्तर देताना आकाशातून सोडलेला आकडा वापरायचा नाही, जमिनीवर टेकलेल्या क्रेनच वापरायच्या, ही त्याची अट.

शंकेखोर : प्रश्न मोठा आहे, मान्य. पण त्या क्रेनवर एकाच कंपनीचा शिक्का : नैसर्गिक निवड. 1995च्या पुस्तकात त्यानं डार्विनच्या कल्पनेला सगळं खाऊन टाकणारं आम्ल म्हटलं, ते ठेवायला भांडंसुद्धा सापडणार नाही असं. स्टीफन जे गूल्ड हा स्वतः उत्क्रांतीचा अभ्यासक, देवभोळा नव्हे. त्यानं 1997मध्ये या वृत्तीला डार्विनवादी मूलतत्त्ववाद म्हटलं. त्याच्या आधी 1979मध्ये गूल्ड आणि लेवॉन्टिन यांनी व्हेनिसच्या सॅन मार्को चर्चचा दाखला दिला होता. कमानींवर घुमट बसवला की मध्ये त्रिकोणी जागा उरतातच. मग त्यांवर सुंदर चित्रं काढली गेली. चित्रांसाठी त्या जागा बांधल्या, असं म्हणणारा वेडा. तसंच शरीरातल्या नि मनातल्या कितीतरी गोष्टी कशासाठी तरी निवडल्या गेलेल्या नाहीत. त्या नुसत्या उरल्या.

चाहता : सॅन मार्कोबद्दल डेनेटनं फार मजेदार उत्तर दिलं. घुमट बसवायचे दुसरे मार्गही होते. ती त्रिकोणी जागा आपोआप उरलेली नाही, चित्रांसाठी चांगली म्हणूनही निवडलेली असू शकते. पण हा वाद मी लांबवणार नाही. गूल्ड तपशिलात काही ठिकाणी बरोबर होता, आणि डेनेटनं त्याच्यावर जरा जास्तच जोर काढला.

शंकेखोर : तोच जोर त्यानं धर्मावर काढला. 2006च्या 'ब्रेकिंग द स्पेल'ची सुरुवात मुंगीपासून आहे. एक मुंगी गवताच्या पात्यावर चढते, पडते, पुन्हा चढते. का? तिच्या मेंदूत एक परजीवी कृमी शिरलाय. त्याला गाईमेंढीच्या पोटात पोचायचंय, मुंगी त्याचं वाहन. आणि लगेच पुढचं वाक्य माणसाच्या धर्माकडे वळतं. कल्पनेसाठी प्राण देणाऱ्या माणसाची तुलना पात्यावर चढणाऱ्या मुंगीशी! अशा अभ्यासाला निष्पक्ष कोण म्हणेल?

चाहता : तुलना बोचरी आहे, पण पुढची पानं वाचायला हवीत. मनामनांतून पसरणाऱ्या कल्पना परजीवीच असतात असं तो म्हणत नाही. आपल्या आतड्यातल्या जिवाणूंसारख्या त्या उपकारकही असतील, किंवा नुसत्या वाटसरू. कोण कोणाच्या फायद्याचं, हे तपासा, इतकंच. 'शब्दच नको, पवित्र विषय आहे' हा जो दरारा, तो त्याला मोडायचा होता. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या दाभोलकरांची जाहीर भूमिका अशी होती, की समिती देवाधर्माच्या विरोधात नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेच्या विरोधात आहे. 2013चा जादूटोणाविरोधी कायदाही तीच रेघ मानतो : नुकसान जिथे होतं तिथे हात घालायचा. ती चळवळीची शहाणी रेघ होती. डेनेट चळवळ्या नव्हता. त्याला रेघेच्या दोन्ही बाजू तपासायच्या होत्या. आणि त्यातून त्यानं जी गोष्ट पकडली ती मला फार मोलाची वाटते : श्रद्धेवरची श्रद्धा. देव आहे असं मानणं वेगळं, आणि देव आहे असं लोकांनी मानणं चांगलं असतं, हे मानणं वेगळं. दुसरी पहिलीपेक्षा कितीतरी जास्त पसरलेली आहे, आणि टीका झाली की खवळून उठते ती बहुधा दुसरीच. 2010मध्ये लिंडा लास्कोला या समाजकार्यकर्तीबरोबर त्यानं अशा पाच पाद्र्यांचा अभ्यास मांडला, ज्यांचा देवावरचा विश्वास संपलाय पण जे दर रविवारी प्रवचन देतात. घर, पगार, बायकोमुलं, गावातली पत, सांगणार कुणाला? तो अभ्यास वाचून पाद्र्यांचा राग येत नाही, पोटात कालवतं. शत्रूनं लिहिलेलं ते नाही. हा माणूस नाताळात मित्रांना घरी जमवून कॅरोल गायचा.

शंकेखोर : गायचा, आणि 2006मध्ये हृदयातून निघणारी महाधमनी फाटून मरता मरता वाचला, तेव्हा आपल्यासाठी प्रार्थना केली असं सांगणाऱ्या मित्रांना, बोकडही कापलात का, असं विचारावंसं वाटलं, हेही त्यानंच लिहिलं. आभार मानायचे तर शल्यविशारदांचे, परिचारिकांचे, यंत्रं शोधणाऱ्यांचे माना, हे त्याचं म्हणणं मला पटतं. बोकडाची गंमत कशाला? तपासणी म्हणाल तर इरावती कर्व्यांनी केली. वारीबरोबर चालल्या, 'वाटचाल' हा लेख लिहिला, आणि जातीजातींचे स्वयंपाक वेगळे होतात ही सल त्यांनी लपवली नाही. त्यात तटस्थपणा आहे, जिव्हाळाही आहे. डेनेटच्या धर्माच्या पुस्तकात मला हवा निघून गेलेल्या खोलीत बसल्यासारखं होतं.

पण तेही सोडून देतो. माझा खरा मुद्दा आता. चार गोष्टी घ्या : जाणीव, क्वालिया, इच्छास्वातंत्र्य, देव. डेनेटला चारही गोष्टी लोक समजतात तशा आढळल्या नाहीत. जाणीव आणि इच्छास्वातंत्र्य यांना त्यानं सांगितलं, 'तुम्ही आहात, फक्त वेगळ्या रूपात.' क्वालिया आणि देव यांना म्हणाला, 'तुम्ही नाहीतच, निघा.' हा निवाडा कुठल्या कलमाखाली झाला? दोघांचा उलगडा आणि दोघांची उचलबांगडी?

चाहता : कामावरून. गैरसमजाचा भाग वजा केल्यावर जे उरतं, ते पूर्वीचं काम करतं का? इच्छास्वातंत्र्यातून चमत्कार काढून टाका. निसर्गनियम मोडून निर्णय घेणारा आत्मा गेला. तरी वचन देणं, सबब सांगणं, परिणाम ओळखून वागणं, झटका येऊन हात हललेल्या माणसात आणि मुद्दाम हात उगारणाऱ्यात फरक करणं, सगळं शिल्लक राहतं. 1984च्या पुस्तकापासून तो हेच सांगत आला : हवंसं वाटावं असं जे स्वातंत्र्य आहे, ते आपल्यापाशी आहे, आणि ते उत्क्रांतीनं दिलंय. देवातून मात्र प्रार्थना ऐकणारा काढून टाकला, की 'अस्तित्वाचा आधार' असलं काहीतरी उरतं. त्याला नवस कोण बोलेल?

शंकेखोर : धर्मशास्त्री देवाची कल्पना पातळ करत नेतात आणि नाव तेच ठेवतात, यावर 'ब्रेकिंग द स्पेल'मध्ये तो टीका करतो. स्वातंत्र्याच्या बाबतीत यानं दुसरं काय केलं? साध्या माणसाला विचारा. तो म्हणेल, त्याच क्षणी, त्याच परिस्थितीत, मी दुसरंही करू शकलो असतो. डेनेटनं नेमकं तेच काढून घेतलं आणि म्हणाला, ते तुम्हाला नकोच होतं. मला काय हवंय हे तो ठरवणार? आणि 2012मध्ये इरास्मस पुरस्कार घेताना त्यानं सांगितलेली गोष्ट आठवा. एक मेंदूशल्यविशारद रुग्णाच्या डोक्यात उपचाराचं यंत्र बसवतो आणि थट्टेनं सांगतो, यापुढे तुझं सगळं वागणं आम्ही इथून चालवतो. रुग्ण खरं मानतो, बेफिकीर होतो, शेवटी कोर्टात उभा राहतो. तात्पर्य : इच्छास्वातंत्र्य नाही असं जगाला सांगत सुटलेले मेंदूशास्त्रज्ञ तेच करताहेत. म्हणजे लोकांनी स्वातंत्र्यावर विश्वास ठेवलेला बरा! याला श्रद्धेवरची श्रद्धा म्हणायचं नाही, तर कशाला?

चाहता : घाव बसला, हे मान्य करतो. पण एक फट आहे. शल्यविशारद खोटं बोलला होता. रुग्णाचं वागणं रुग्णाच्याच ताब्यात होतं. डेनेटचा आक्षेप नुकसान करणाऱ्या खोट्यावर आहे. धर्माचा कैवारी म्हणतो, खोटं असलं तरी राहू द्या. या दोन भूमिका एक नव्हेत.

शंकेखोर : खोटं कधी ठरतं? त्याची व्याख्या मानली तर. त्याच्याच चौकडीतल्या सॅम हॅरिसनं 2012मध्ये पुस्तक लिहून सांगितलं, इच्छास्वातंत्र्य हा भ्रम आहे. डेनेटनं त्याचं लांबलचक, कडक परीक्षण केलं. दोघं नास्तिक, दोघांना मेंदूविज्ञानाचे तेच निष्कर्ष मान्य, भूत-प्रेत-आत्मा दोघांनाही अमान्य. तरी एक म्हणतो 'आहे', दुसरा म्हणतो 'नाही'. म्हणजे वाद वस्तुस्थितीचा उरलाच नाही. काय जपायचं, याचा आहे. आणि काय जपायचं हे ठरवायला त्याच्याजवळ कुठलीही क्रेन नाही.

चाहता : जपणं हेही उत्क्रांतीतूनच आलं, असं तो म्हणेल, पण त्यानं तुमचं समाधान होणार नाही हे मला दिसतंय. मग एक शेवटचं सांगतो, आणि ते तुमच्या बाजूचं आहे की माझ्या, मला खात्री नाही. 2023मध्ये त्यानं 'द अटलांटिक'मध्ये लेख लिहिला, बनावट माणसांवर. माणसासारखी बोलणारी यंत्रं बनवून ती माणूस म्हणून खपवणं हा खोट्या नोटा छापण्यासारखा गुन्हा ठरवा, अशी मागणी केली. आता याच माणसानं आयुष्यभर काय शिकवलं? एखाद्या गोष्टीला इच्छा आणि समजुती आहेत असं धरून तिचं वागणं चांगलं ओळखता आलं, तर तिला त्या आहेतच. बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रालाही. मग बोलणारं यंत्र बनावट कसं? माझं उत्तर असं : बनावटपणा आतल्या अंधारात नाही. त्या यंत्राला गमावण्यासारखं काही नाही. वचन मोडलं तर त्याची पत जात नाही, शिक्षा झाली तर त्याला ती लागत नाही.

शंकेखोर : म्हणजे खरं-खोटं ठरवायला आत डोकवायची गरजच नाही, व्यवहार पुरतो. मग नेगलच्या वटवाघळाचं काय? ते वचन देत नाही, त्याला दंड करता येत नाही. तरी त्याचा पंख जाळला तर त्याला दुखतं की नाही, हा प्रश्न मी व्यवहारावर सोडणार नाही.

चाहता : डेनेटही सोडत नाही. तो विचारेल, दुखणं काय काय करतं? ते किंचाळतं का, जागा टाळायला शिकतं का, खाणं सोडतं का, जखमेला जपतं का? ही यादी पूर्ण झाली की तुम्ही विचारता, 'आणि दुखणं?' मी म्हणतो, आत्ता मोजलं ते तेच होतं.

शंकेखोर : ती अख्खी यादी उद्या यंत्रात भरता येईल.

चाहता : भरता आली, तर त्या दिवसापासून मी त्याला बनावट म्हणणार नाही. तुम्ही म्हणाल?

शंकेखोर : बहुतेक म्हणेन. आणि तरी ते यंत्र बंद करायची वेळ आली, तर ते काम मी तुमच्यावर ढकलेन.